‘गुणसुंदरी’ (१९२७): एका हरवलेल्या मूकपटाच्या वाचनप्रयोगाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आज मंडळाच्या बैठकीत ठरलं. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, दादरमध्येच, ‘गुणसुंदरी’चा वाचनप्रयोग करायचा. कोहिनूर फिल्म कंपनीचा १९२७ सालचा मूकपट. दिग्दर्शक चंदुलाल शाह, नायिका गोहर, नायक राजा सँडो. नवरा-बायको, मधे एक नर्तकी, घरातली फसवणूक आणि त्यावर बायकोनं काढलेला मार्ग, असा हा कौटुंबिक मेलोड्रामा. त्या काळी असल्या चित्रपटांना ‘सामाजिक’ म्हणत.

चित्रपट आज बघायला मिळत नाही. आपल्या हाती आहेत ते कागद: कंपनीचं आणि कलाकारांचं नाव, साल, गोष्टीचा सांगाडा, आणि दिग्दर्शकानं उतारवयात स्वतः सांगितलेली हकिकत. एवढ्यावर तासाभराचा प्रयोग उभा करायचा आहे. पडद्यावर पाट्या (मूकपटात संवाद आणि निवेदन लिहून दाखवत त्या), शेजारी हार्मोनियम-तबला, आणि एक निवेदक. नट नकोत, अभिनय नको.

एक नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवते, कारण पुढे मोह होणार आहे. जे कागदावर आहे ते ‘आहे’ म्हणून सांगायचं. जे आपण जोडलं ते ‘आपलं’ म्हणून दिसलं पाहिजे. आणि जिथे काहीच नाही तिथे पडदा रिकामा ठेवायचा.

१९ जून, गुरुवार

गोष्ट, जेवढी पक्की आहे तेवढी.

गुणसुंदरी ही कर्तव्यदक्ष गृहिणी. सगळा दिवस घरात जातो. नवरा कामावरून दमून येतो, डोक्यात तिथलीच कटकट असते, त्याला दोन घटका विसावा हवा असतो. पण घरी आल्यावर समोर येतात त्या घरच्याच अडचणी. मग तो एका नर्तकीकडे जाऊ लागतो. गुणसुंदरीच्या हे लक्षात येतं. नुसती कर्तव्यदक्ष बायको असून भागत नाही, नवऱ्याची सोबतीण व्हायला हवं, असं ती ठरवते आणि स्वतःला बदलते. एका रात्री तो नेहमीसारखा बाहेर पडायला निघतो, तर तीही नटूनथटून निघालेली. तो विचारतो, कुठे निघालीस? आणि ती उलट त्यालाच तो प्रश्न विचारते.

चित्रपटाचं इंग्रजी नाव होतं ‘व्हाय हजबंड्स गो अ‍ॅस्ट्रे’, म्हणजे नवरे वाट का चुकतात. कोहिनूरसारख्या कंपन्या देशी नावाच्या जोडीला असं एक इंग्रजी नाव सर्रास ठेवत.

दाराशी घडणारा हा प्रसंग माझ्या मते चित्रपटाचा गाभा. चंदुलाल शाहांनी तो आठवणीतून सांगितला, तेव्हा मूळ चित्रपट काढून तीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता. एरिक बार्नो आणि एस. कृष्णस्वामी यांच्या १९६३ च्या भारतीय चित्रपटाच्या इतिहासात शाहांचं ते बोलणं आलं आहे. मधल्या काळात त्यांनी शंभरावर चित्रपट काढलेली कंपनी चालवली, बोलपटाचं युग पाहिलं, सट्ट्यात आणि घोड्यांवर संपत्ती घालवली. तरीही त्यांना आठवला तो हा दारातला प्रश्न. आपला प्रयोग याच जागेभोवती बांधायचा.

२२ जून, रविवार

सकाळी पाऊस उघडला तसे आम्ही काही जण दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रोडवर फिरून आलो. याच रस्त्यावर चंदुलाल आणि गोहर यांचा रणजित स्टुडिओ होता. कोहिनूरचा स्टुडिओही दादरलाच. आज तिथून जाताना भाजीचे गाडे, गॅरेजं आणि टॅक्स्या दिसतात. एके काळी इथे उन्हाच्या भरवशावर चित्रीकरण चालायचं. त्या वेळच्या मुंबईतले बहुतेक स्टुडिओ सूर्यप्रकाशावरच अवलंबून होते. वर पांढरं कापड ताणून ऊन मवाळ करायचं आणि चकचकीत फळ्यांनी ते नटाच्या तोंडावर वळवायचं. पावसाळ्यात कामाची रडकथाच असणार.

चंदुलाल शाह मूळचे जामनगरचे, जन्म १८९८. सिडनहॅम कॉलेजात शिकले, शेअर बाजारात काम केलं, आणि १९२५ मध्ये ‘विमला’ या चित्रपटानं दिग्दर्शनात आले. कोहिनूरमध्ये त्यांनी १९२६ ला ‘टायपिस्ट गर्ल’ केला, त्यात सुलोचना आणि गोहर दोघीही होत्या. तो सतरा दिवसांत उरकला होता म्हणतात. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, चित्रपटात येण्याआधी टेलिफोन ऑपरेटर होती. तिच्याभोवती झगमगाट होता, तिला शहरी, स्वतंत्र बाईच्या भूमिका मिळत. गोहरचा रस्ता वेगळा निघाला, आणि तो ‘गुणसुंदरी’नं आखून दिला. घरातली बाई, पण डोकं असलेली.

गोहरचा जन्म १९१० चा, लाहोरचा. पहिला चित्रपट ‘बाप कमाई’, १९२६ सालचा, कोहिनूरचाच. म्हणजे ‘गुणसुंदरी’ झाला तेव्हा ही मुलगी सोळा-सतरा वर्षांची होती. संसाराला गांजलेल्या, नवऱ्याच्या फसवणुकीनं दुखावलेल्या बाईचं काम तिनं त्या वयात केलं. हे कळल्यापासून निवेदनातला सूर बदलावा असं मला वाटायला लागलंय. आत्तापर्यंत आम्ही सगळे मनात एक तिशीची, थोडी थकलेली बाई धरून बसलो होतो.

राजा सँडोचं मूळ नाव पी. के. नागलिंगम, गाव पुदुक्कोट्टई. कसरतपटू, बळकट अंगाचा माणूस, ‘सँडो’ हे नाव त्यामुळेच. पुढे त्यानं तमिळ चित्रपट दिग्दर्शित केले. असा पहिलवानी देहाचा माणूस कामानं पिचलेला नवरा म्हणून पडद्यावर, आणि त्याच्यासमोर गोहर. दारातल्या त्या प्रसंगात दोघांच्या उंचीतला, अंगलटीतला फरकच निम्मं काम करून गेला असेल. हे माझं मत, पाटीवर जाणार नाही.

२९ जून, रविवार

आज हिशेबाचा दिवस.

३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटाला १६ चौकटी, म्हणजे फ्रेम. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींच्या गतीनं फिरवलं तर १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. २० च्या गतीला १३ मिनिटं २० सेकंद. बोलपटाच्या २४ च्या गतीला जेमतेम अकरा मिनिटं. मूकपटाची गती ठरलेली नसे. कॅमेरा हातानं फिरवला जाई, आणि थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा आपल्या मर्जीनं, कधी पुढच्या खेळाच्या घाईनं, गती वाढवी.

आठ हजार फुटांचा चित्रपट धरला तर १६ च्या गतीला दोन तास तेरा मिनिटं, २० ला एक तास सत्तेचाळीस. म्हणजे तोच चित्रपट गिरगावात एका लांबीचा आणि ग्रँट रोडला दुसऱ्या. जुने मूकपट आज २४ च्या गतीनं दाखवले की माणसं तुरुतुरु पळतात, आणि लोकांना वाटतं की तेव्हा अभिनयच तसा होता. या एका गैरसमजानं मूकपटांचं फार नुकसान केलं आहे. प्रयोगाच्या सुरुवातीला हे सांगायचंच. पाट्यांची वेळ आम्ही १८ च्या गतीवर बसवणार.

३ जुलै, गुरुवार

ज्याची धास्ती होती ते आज पुढ्यात आलं. प्रोजेक्शन सांभाळणारा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. गोहरचा जुना फोटो एआयमध्ये टाकून त्यानं काही सेकंदांचा तुकडा बनवला होता. गोहर मान वळवते, पदर सावरते, दाराकडे बघते. काळा-पांढरा, वर ओरखडेसुद्धा.

“ताई, दारातला सीन आपण पूर्ण बनवू शकतो. लोक वेडे होतील.”

मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. सुंदर होता, हे मान्य करायला हवं. हार्मोनियमवाले काका म्हणाले, “काय हरकत आहे रे? शेवटी नाटकच ना?”

हरकत आहे, आणि मी ती सविस्तर सांगितली. हॉलमध्ये शंभरेक माणसं असतील, त्यांना आपण सांगू की हे खोटं आहे. पण त्यातला कुणीतरी मोबाइलवर तेवढाच तुकडा टिपेल. आठवड्याभरात तो ‘१९२७ चा दुर्मीळ मूकपट सापडला’ म्हणून फिरेल. पुढे कधी खरोखरच या चित्रपटाचं रीळ कुणाच्या माळ्यावर निघालं, तर ते ओळखणं अवघड होईल, कारण लोकांच्या मनात आधीच एक गोहर बसलेली असेल. ती मान कशी वळवायची हे गोहरनं आणि चंदुलालनी ठरवलं होतं. त्यांच्या जागी आपण ठरवायचं आणि वर त्यांचं नाव लावायचं, हे मला जमणार नाही.

मुलगा नाराज झाला, पण भांडला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “मग फोटो तरी ठेवू. स्थिर.” फोटो ठेवू. खाली कुठल्या चित्रपटातला, की नुसता प्रसिद्धीचा, ते लिहून. ज्याबद्दल खात्री नाही तो फोटो नाही. त्यानं तो तुकडा माझ्यासमोर डिलीट केला. मी तसं सांगितलं नव्हतं.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपास असल्यामुळे बैठक मावशींच्या घरी, साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी यांच्या साक्षीनं झाली. या मावशी आमच्या गुजराती पाट्या बघणार आहेत. भावनगरच्या माहेरवाशीण, दादरला पन्नास वर्षं. ‘गुणसुंदरी’ म्हटल्याबरोबर त्यांना गोवर्धनराम त्रिपाठींच्या ‘सरस्वतीचंद्र’ मधली गुणसुंदरी आठवली. त्या कादंबरीचा दुसरा भाग तिच्याच एकत्र कुटुंबाचा आहे. सगळ्यांचं करता करता झिजणारी सून. म्हणजे १९२७ च्या मुंबईतल्या गुजराती प्रेक्षकाला हे नाव ऐकूनच नायिका कशी असणार याचा अंदाज आला असणार, आणि शाहांनी नेमक्या त्याच नावाच्या बाईला रात्री नटवून दाराबाहेर काढलं.

गोष्ट वाचून झाल्यावर मावशी तडकल्याच. “चूक त्याची, आणि बदलायचं हिनं? नवरा नाचणारीकडे जातो तो हिच्यामुळे? हे काय नाव, नवरे वाट का चुकतात म्हणे!”

बाकीचे गप्प. मला मावशींचं म्हणणं पटतं. शाहांनी सुचवलेला तोडगा एकांगी आहे. घरकाम तिचं, त्याचा शीण घालवणंही तिचं, आणि त्यानं काय करायचं तर संध्याकाळी घरी थांबायचं. नर्तकीच्या वाट्याला तर दोषाखेरीज काही आलंच नाही. १९२७ साल म्हणून हे सोडून द्यायला मी तयार नाही. त्याच काळात मुंबईत बाया शाळा चालवत होत्या, लिहीत होत्या, मोर्चे काढत होत्या.

पण दारातला प्रश्न त्या तोडग्याच्या पुढे जातो. नवऱ्याला हिशेब विचारणारी बायको पडद्यावर आणणं आणि तीच नायिका ठरवणं, हे त्या वेळी धाडसाचं होतं. पौराणिक चित्रपटांत पतिव्रता सोसत राहते आणि शेवटी देव प्रकट होतो. इथे देव नाही. बाई आहे, दार आहे, आणि प्रश्न. लोकांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला. शाहांनी गोहरला घेऊनच १९३४ मध्ये रणजितमध्ये तो पुन्हा बोलपट म्हणून काढला. १९४८ ला याच नावाचा गुजराती बोलपट निघाला, त्यात निरुपा रॉय होत्या.

मावशींना म्हटलं, तुमचा आक्षेप प्रयोगातच घेऊ. निवेदनानंतर तुम्ही उठून हेच बोला. आधी नाही म्हणाल्या, मग, “बोलीश,” म्हणाल्या.

१२ जुलै, शनिवार

पाट्या. आजचा सगळा दिवस यात गेला आणि सार्थकी लागला.

मुंबईच्या मूकपटांत एकाच पाटीवर तीन-चार लिप्या असत: इंग्रजी, गुजराती, देवनागरी, उर्दू. वाचता येणारे थोडे, म्हणून ज्याला येई तो मोठ्यानं वाचे आणि आजूबाजूचे ऐकत. तेव्हा पाटी पडद्यावर किती वेळ ठेवायची, याचा हिशेब शब्द मोजून होत नाही. चार लिप्या म्हणून चौपट वेळ लागत नाही, कारण प्रत्येक जण आपली तेवढी वाचतो. पण मोठ्यानं वाचून शेजारच्या आजीला ऐकवायचं, तर मनातल्या मनात वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आम्ही घड्याळ लावून बघितलं. सहा-सात शब्दांची पाटी मावशींनी सावकाश, ठसक्यात वाचली की पाच सेकंद जातात. १८ च्या गतीला पाच सेकंद म्हणजे ९० चौकटी, साडेपाच फुटांच्या वर फिल्म. कच्ची फिल्म परदेशातून येई आणि फुटावर विकत घ्यावी लागे. म्हणजे दिग्दर्शकाच्या प्रत्येक वाक्याला भाव होता. मूकपटातल्या पाट्या एवढ्या नेटक्या का, हे आज हातानं कळलं.

आमच्या पाट्या दोन जातीच्या. शाहांच्या हकिकतीवर उभ्या असलेल्या, त्या काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. आम्ही रचलेल्या, त्यांच्या कोपऱ्यात ‘अं’ असं लहान अक्षर, ‘अंदाज’ मधलं. दारातल्या प्रसंगाच्या दोन पाट्यांवर बराच खल झाला. प्रसंगाचा आशय पक्का, शब्द आमचे. मग त्यावर ‘अं’ हवा की नको? मुलाचं म्हणणं, नको, प्रसंग तर खरा आहे. मी हट्ट धरला: पाटीवर शब्द असतात आणि शब्द आपले आहेत. ‘अं’ राहिला.

शब्द असे ठरले. तो: “कुठे निघालीस?” ती: “तुम्ही कुठे निघालात?” एवढंच. कुणीतरी पुढे “रोज रात्री?” जोडायचं सुचवलं. नको. टोमणा मारला की ती खाली उतरते. साधं विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

गुजराती ओळ मावशींनी एका दमात लिहून दिली. उर्दूसाठी भेंडी बाजारातल्या एका कातिबांचा, म्हणजे हातानं सुंदर उर्दू लिहिणाऱ्यांचा, नातू तयार झालाय. तो संगणकाऐवजी बोरूनं लिहिणार, मग आपण ते स्कॅन करायचं.

२० जुलै, रविवार

संगीत. इंग्रजी चित्रपट दाखवणाऱ्या बड्या थिएटरांत पियानो किंवा वाद्यवृंद असे, देशी चित्रपटांना हार्मोनियम-तबला. वाजवणारे पडद्याकडे बघत जागच्या जागी सुचेल ते वाजवत, नाटकातली पदं, भजनं, लोकांच्या ओठांवर असेल ते. काकांनी लहानपणी आपल्या आजोबांकडून अशा साथीच्या गोष्टी ऐकल्यात, त्यामुळे त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही.

वाद झाला तो एकाच जागेवर. माझी कल्पना होती की तिच्या प्रश्नाच्या पाटीला सगळी वाद्यं एकदम थांबवायची. काकांनी मान हलवली.

“अहो, थिएटर म्हणजे काय देऊळ होतं का? लोक बोलायचे, शेंगा खायचे, पोरं रडायची. पेटी थांबली असती तर लोकांना वाटलं असतं पेटीवाला चहाला गेला. ही शांततेची हौस आपली आत्ताची.”

मग त्यांनी वाजवून दाखवलं. तबल्याचा ठेका तसाच चालू, पेटीवरचा सूर मात्र वर चढतो आणि समेवर यायच्या ऐवजी तिथेच रेंगाळतो. ठेका नवऱ्याच्या रोजच्या जाण्यासारखा नेमानं चाललेला, आणि सूर अडलेला. थांबण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. घेतलं.

रिकाम्या पडद्याच्या जागांना नुसता तबला.

२६ जुलै, शनिवार

प्रस्तावनेचा मजकूर लिहिला. मूकपट हरवले का, हे प्रत्येक जण विचारणार, म्हणून थोडक्यात पण नीट.

१९१३ पासून १९३४ पर्यंत देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले. आज त्यातले काही डझन, तेही बरेचसे तुकड्यांत, शिल्लक आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाण्यानं विझत नाही. न पेटताही ती कुजते: आधी चित्र पिवळट होऊन फिकटतं, मग फीत चिकट होते, फुगते, रिळाचा एकच गोळा होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पण कुजण्याच्या आधीच बरंच गेलं होतं. चित्रपटाच्या मोजक्याच प्रती निघत, त्या गावोगाव फिरून ओरखड्यांनी संपत. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि मूकपटाचा बाजारच बसला. मग जागा अडवणारी ती जुनी रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली. फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं, धुऊन ती वेगळी करता येते. चेहरे गेले, चांदी उरली.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला सुरू झालं. पी. के. नायर यांनी पुढची कित्येक वर्षं गावोगाव, घरोघर फिरून जे जमवलं, त्यातून फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे तरी आपल्याला बघायला मिळतात. सगळं वाचलं तरीही नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जपून ठेवलेलंही पुष्कळ गेलं.

बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ची गोष्ट इथे जोडली आहे. कोल्हापूर, १९२५, कर्जात बुडालेला शेतकरी, त्या भूमिकेत तरुण शांताराम. त्याचाही मूळ मूकपट गेला. पेंटरांनी १९३६ मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा केला. शाहांनी ‘गुणसुंदरी’ पुन्हा केला तसाच. दोन्ही दिग्दर्शकांना आपल्या जुन्या कामाला परत हात लावावासा वाटला, यात मला फार जीव वाटतो.

२ ऑगस्ट, शनिवार

रंगीत तालीम. मूकपटांत रात्रीचे प्रसंग दिवसा घेऊन फिल्म निळ्या रंगात बुडवत, घरातला दिवा असेल तर पिवळसर. तोच संकेत आम्ही दिव्यांवर आणला. स्पॉटला पिवळं जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), दारातल्या प्रसंगाला निळं. निळं लावल्यावर काकांना पेटीच्या पट्ट्या दिसेनात, तेव्हा त्यांच्यापुरता छोटा दिवा खाली ठेवला. निवेदन तीन मिनिटांनी कमी केलं. गोहरच्या वयाचा उल्लेख शेवटी होता, तो वर आणला. ते आधी माहीत असलं तर पुढचं सगळं वेगळं ऐकू येतं.

१० ऑगस्ट, रविवार

प्रयोग झाला. काल राखीपौर्णिमा झाल्यामुळे बहिणींकडे आलेले पाहुणेही बरेच होते. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे.

सुरुवातीलाच सांगितलं होतं की ज्याला वाचता येईल त्यानं पाटी मोठ्यानं वाचावी. पहिल्या दोन-तीन पाट्यांना कुणी तोंड उघडेना. मग डावीकडून एका आजोबांनी गुजराती वाचली, मागून एक मुलगी इंग्रजी, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. दोन भाषा एकमेकींवर आदळत होत्या, काका त्यातूनच वाट काढत वाजवत होते. उर्दू वाचणारे फक्त आमचे कातिबांचे नातूच असतील असं वाटलं होतं, पण आणखी एका बाईंनी त्यांना साथ दिली.

दारातल्या पाटीला बायकांचा आवाज पुरुषांपेक्षा मोठा होता. “तुम्ही कुठे निघालात?” पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ते वाचताना शेजारच्या नवऱ्याकडे बघितलं आणि आजूबाजूचे हसले. ठेका चालूच होता. काका बरोबर होते.

रिकामा पडदा पहिल्यांदा आला तेव्हा लोकांना वाटलं प्रोजेक्टर बंद पडला. निवेदकानं सांगितलं, इथला भाग आपल्याकडे नाही. त्यानंतर लोक त्या जागांना नुसता तबला ऐकत बसले.

मावशी उठल्या आणि बोलल्या. जेवढं घरी बोलल्या होत्या त्याहून कडक. त्यावर हॉलमध्ये अर्धा तास चर्चा झाली. एका तरुणानं विचारलं, शेवटी नवरा काय उत्तर देतो? मी सांगितलं, शाहांच्या सांगण्यात जोर तिच्या प्रश्नावर आहे, त्याच्या उत्तराची पाटी मी बनवलेली नाही आणि बनवणार नाही. “मग तुम्हीच सांगा तो काय म्हणाला असेल,” असं मावशींनी त्याला विचारलं. तो खाली बसला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उरलेली कामं.

‘अं’ फार बारीक पडला. मागच्या रांगेतल्या तिघांनी विचारलं की दारातल्या पाटीचे शब्द मूळचे का. पुढच्या प्रयोगाआधी तो दुप्पट मोठा करायचा आणि निवेदनात एक वाक्य घालायचं.

भाईंदरच्या एका गुजराती मंडळानं प्रयोग मागितलाय. तिथे गुजराती ओळ सगळ्यात वर घ्यायची, मावशींकडून निवेदनाचं गुजराती करून घ्यायचं. त्यांनी अट घातली आहे की त्यांचं भाषण मधे कापायचं नाही.

मुलाला गोहरच्या प्रसिद्धीच्या फोटोंची यादी करायला दिली आहे: कुठून मिळाला, कुठल्या चित्रपटाचा, खात्री किती. त्यानं स्वतःहून चौथा रकाना घातलाय, ‘कुठे कुठे चुकीच्या नावानं फिरतोय’. त्यात आजपर्यंतच बऱ्याच नोंदी झाल्यात.

कातिबांच्या नातवाला बोरूनं लिहिलेल्या मूळ पाट्या परत द्यायच्या, स्कॅन आपल्याकडे. हॉलचं भाडं, तबलजींचं मानधन दिलं. जिलेटिनचे कागद गुंडाळून डब्यात ठेवले, निळा एका कडेला जळालाय, तो नवा आणायचा.